टी-शर्टवरचे दोन लाल ओघळ : लांब पळायला निघालेल्या नवख्यांसाठी

पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, संपवून मी फिनिश लाइनच्या पलीकडे केळं सोलत उभा होतो. केळी वाटणारा पोरगा, असेल बारावीतला, माझ्या छातीकडे बघत म्हणाला, "काका, रक्त यायलंय की ओ तुमच्या."

खाली बघितलं तर पांढऱ्या सुती टी-शर्टवर दोन्ही बाजूंना लाल ओघळ, थेट पोटापर्यंत. सोळाव्या किलोमीटरपासून छातीवर चरचरत होतं, पण गुडघे, पोटऱ्या आणि धाप यांच्या गलक्यात तिकडे लक्ष कोण देणार? खरी शिक्षा घरी वाट बघत होती. अंगावर पहिला तांब्या ओतला आणि मी असा ओरडलो की बायको बाहेरून दार वाजवायला लागली.

यात लाजेची गोष्ट वेगळीच आहे. मी टॉवेलच्या धंद्यात आहे. गिऱ्हाइकाला रोज पटवून सांगतो की साहेब, सूत पाणी कसं पितं बघा, आणि एकदा प्यायलं की सोडत नाही. तेच सूत अंगात घालून मी २ तास २० मिनिटं पळालो. जो गुण सांगून टॉवेल विकतो, त्याच गुणानं माझी कातडी सोलली.

म्हणून हे लिहितोय. पळण्याच्या गप्पांत बूट, गुडघे, पळताना ताकदीसाठी खायचं जेल, सगळं निघतं. जांघ आणि छातीबद्दल कुणी तोंड उघडत नाही. सगळ्यांना होतं आणि सगळे लाजतात. डॉक्टर लोक मात्र लाजलेले नाहीत. छातीच्या या दुखण्याला त्यांनी 'जॉगर्स निपल' असं नाव दिलंय, आणि १९७७ सालीच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याबद्दल छापून आलं होतं.

हे होतं कशानं

दर पावलाला टी-शर्ट छातीवर किंचित वर-खाली होतो. मिनिटाला १६५ पावलं धरा. माझ्या २ तास २० मिनिटांत २३,००० पावलं झाली. म्हणजे तेच कापड त्याच जागेवरून २३,००० वेळा फिरलं. कोरडं, मऊ कापड असतं तरी कातडीनं कुरकुर केली असती. इथं कापड घामानं जड झालेलं, आणि कातडी ओलसर झाली की घर्षण वाढतं. ओलसर बोट काचेवरून फिरवून बघा, कसं अडकत अडकत जातं.

त्यात आपलं सोलापूर. मुंबईत पळणारा घामानं निथळत असतो, शेवटपर्यंत ओलाच. आपल्याकडे हवा कोरडी. घाम येतो तसा उडून जातो आणि मीठ मागे राहतं. विजापूर रोडनं लांब पळून आल्यावर काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, ते तेच मीठ. आधी ओलं कापड घासतं, मग मीठ बसलेलं कापड घासतं. दुसऱ्याला पॉलिश पेपर म्हणायला हरकत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. उन्हाळाभर सराव केला, काही झालं नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. मग जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, पहाटेच्या गारव्यात स्पर्धा असते. थंडीनं निप्पल ताठ होतात, कापडाला जास्त टेकतात, आणि तिथली कातडी मुळातच पातळ. म्हणजे सगळ्यात आल्हाददायक हवेतच रक्त निघायची शक्यता जास्त.

पहिलं काम : आपल्या अंगावरच्या जागा शोधा

मलम, टेप, महागडे कपडे यांच्या मागे नंतर लागा. आधी एका रविवारी १२ ते १५ किलोमीटर नेहमीच्या कपड्यांत पळून या आणि सरळ आंघोळीला जा. पाणी सगळं सांगतं. जिथं झोंबलं, ती तुमची जागा. आरशात बघून सापडत नाही; पहिल्या दिवशी नुसती गुलाबी झाक असते, कधी तीही नसते. झोंबलेल्या जागा कागदावर लिहून ठेवा. मी लिहिल्या तेव्हा सहा निघाल्या, आणि त्यातली एक पाठीवर, बनियनच्या शिवणीखाली. तिचा मला पत्ताच नव्हता.

बहुतेकांच्या यादीत जांघ, मांड्यांची आतली बाजू, काख, पुरुषांचे निप्पल, बायकांना स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्ट्याची रेघ, आणि कमरेवर शॉर्टचं इलॅस्टिक एवढं असतंच. मांड्या फक्त जाड माणसाच्याच घासतात हा गैरसमज आहे. आमच्या पहाटेच्या टोळक्यात सगळ्यात सडपातळ जो आहे, तोच जांघेच्या बाबतीत सगळ्यात जास्त रडतो.

पण बाहेरच्या याद्यांत न सापडणाऱ्या जागाही आपल्याकडे आहेत. कमरेचा करगोटा घामानं भिजला की सुतळीसारखा काचतो. गळ्यातली तुळशीची माळ किंवा रुद्राक्ष मानेच्या मागे घासतो. मंगळसूत्राच्या वाट्या छातीच्या हाडावर आपटत राहतात. गळ्यात इष्टलिंग धारण करणाऱ्यांना शिवदारा, म्हणजे ते बांधायचा दोरा, मानेला आणि लिंग छातीला लागतं. काढून ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही, ज्याचं त्यानं बघावं. दोरा जिथं टेकतो तिथं आधीच टेप लावा, आणि लोंबणारी वस्तू आतल्या घट्ट कपड्याखाली दाबून बसेल अशी सोय करा. हलली नाही की घासत नाही.

दुसरं काम : कपडे

सुती टी-शर्ट पळायला नको. एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी अर्धं काम झालं, आणि हे टॉवेलवाला सांगतोय. पॉलिएस्टरचा, ज्याला दुकानात ड्राय-फिट म्हणतात तसला घ्या. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही. घाम कापडावर पसरतो आणि उडतो, वजन वाढत नाही. नवी पेठेत मिळणारा साधा पण चालतो. घेताना दर्शनी बाजू बघू नका. उलटा करून आतली बाजू गालावर फिरवा. गालाला खरखरीत लागला तर छातीला सोळाव्या किलोमीटरला काय वाटेल ते समजून जा.

छातीवर मोठा छापील लोगो असेल तर आणखी जपून. ती छपाई म्हणजे रबराचा जाड थर. मागच्या बाजूनं कडक लागते आणि तिच्यातून घाम उडत नाही. स्पर्धेचा जो फुकटचा टी-शर्ट मिळतो तो नेमका असाच असतो: छातीभर प्रायोजकांची नावं. नवखा माणूस कौतुकानं तोच घालून पळतो. फोटोपुरता घाला, पळायला तुमचा जुना.

माप अंगाबरोबर असावं. ढगळ टी-शर्ट जास्त फिरतो, म्हणून जास्त घासतो. फार घट्टही नको, काखेत काचतो. मानेमागचं लेबल कात्रीनं मुळापासून कापा, खुंट ठेवू नका.

खाली काय घालायचं? ज्यांच्या मांड्या घासतात त्यांनी गुडघ्याच्या थोडं वर येणारी घट्ट शॉर्ट घालावी, सायकलवाले घालतात तसली. हवी तर वरून नेहमीची सैल शॉर्ट. मग कातडीला कातडी लागत नाही, कापडाला कापड लागतं. आतून जाळी शिवलेली शॉर्ट असेल तर तिच्या आत पुन्हा सुती चड्डी घालू नका. दोन इलॅस्टिक जांघेत एकमेकांशी भांडतात आणि मार तुम्हाला बसतो.

बायकांच्या बाबतीत मी ऐकीव सांगतोय, आमच्यासोबत पळणाऱ्या एका ताईंचं. निप्पलचा त्रास स्पोर्ट्स ब्रा नीट बसणारी असेल तर सहसा होत नाही, पण खालच्या पट्ट्याखाली आणि पाठीच्या हुकाजवळ सालं निघतात. त्या म्हणतात, हुक नसलेली, डोक्यातून घालायची घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. आणि इलॅस्टिक सैल पडलं की मोह न ठेवता टाकून द्या. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडा जांघेत घासतात, तेव्हा त्या कडांच्या रेषेवर आधी व्हॅसलीन.

धुण्याबद्दल दोन शब्द, कारण इथं आपलं पाणी आडवं येतं. बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट निघत नाही, कपडा उन्हात वाळला की कडक भाकरीसारखा होतो. पळायचे कपडे कमी पावडरमध्ये धुवा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा. मऊ व्हावेत म्हणून कम्फर्टसारखं काही घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरणं थांबतं. पळून आल्यावर टी-शर्ट घामासकट दोरीवर टाकून दुसऱ्या दिवशी तोच घालणारे आहेत. कालचं मीठ आज वापरायचं ते.

तिसरं काम : टेप की व्हॅसलीन

निप्पलला टेप, बाकी सगळीकडे व्हॅसलीन. माझं मत एवढंच आहे. १० किलोमीटरपर्यंत निप्पलला नुसतं व्हॅसलीन पुरतं, पण त्यापुढे कापड ते हळूहळू पुसून नेतं.

साधी बँड-एड घामात पाचव्या किलोमीटरला सुटते आणि टी-शर्टच्या आत लोंबत राहते. मेडिकलमध्ये मायक्रोपोअर किंवा ल्युकोप्लास्ट मागा. मायक्रोपोअर कागदी, कातडीला सोसणारी, पण फार घाम येणाऱ्यांची निघते. ल्युकोप्लास्ट चिकट, हटत नाही आणि काढताना आठवण ठेवून जाते. दोन्ही आणून ठेवा, दोन रविवार दोन वापरून बघा.

लावायची रीत : छातीवर केस असतील तर आदल्या रात्री तेवढी जागा कात्रीनं किंवा ट्रिमरनं बारीक करा. स्पर्धेच्या पहाटे रेझर फिरवू नका. ओरखड्यांवर घाम बसला की छाती पेटते. टेपचे साधारण ४ सेंटिमीटरचे दोन चौकोन कापा. कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा कापडात अडकतो आणि तिथूनच टेप उचलायला लागते. मधोमध नखाएवढा गॉजचा तुकडा ठेवा, म्हणजे गोंद नेमक्या जागेला लागणार नाही. कातडी कोरडी ठणठणीत हवी. तेल, पावडर, क्रीम काही नको. लावा आणि तळहात ३० सेकंद दाबून ठेवा. हाताच्या उबेनं गोंद धरतो.

व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चेसब्रो या माणसानं १८७२ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षांत तिच्याहून महाग कांड्या पुष्कळ आल्या; त्या हाताला चिकटत नाहीत हे खरं, पण काम तेच. मांड्यांना लावताना कंजूषपणा नको, प्रत्येक बाजूला चमचाभर तरी. काखेत त्याच्या निम्मं. कपड्यांच्या शिवणीवरही आतून बोट फिरवा.

खोबरेल तेल चालेल का, असं प्रत्येक जण विचारतो. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या पिशवीत बाटली असते, आणि चालताना, थांबून थांबून पुन्हा लावता येत असेल तर काम भागतं. पळताना नाही. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं. पहाटे बाटलीत घट्ट दिसतं म्हणून भरवसा वाटतो, पण अंगाला लागताच पाणी होऊन कपड्यात जातं. टाल्कम पावडर सुरुवातीला छान वाटते, मग घामात तिचा गोळा होतो आणि तो गोळाच घासतो.

पहाटेचा क्रम

क्रम चुकला की वरची सगळी मेहनत वाया. आधी टेप, मग हात पुसून व्हॅसलीन, मग कपडे. उलटं केलंत तर बोटांच्या ओशटपणानं टेप चिकटणारच नाही. बिब नंबर, म्हणजे स्पर्धेत मिळणारा आपल्या नंबराचा कागद, टी-शर्ट अंगात घालण्याआधी, पलंगावर पसरून टाचा. नंबर पोटावर यावा, छातीवर नको, नाहीतर पिना आणि त्या कागदाचा कोपरा टेपवर घासत बसतो. पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला. गाडीची किल्ली खिशात लोंबती नको.

आणि स्पर्धेच्या दिवशी काहीही नवं नको. टी-शर्ट, चड्डी, मोजे, टेप, सगळं किमान दोनदा १५ किलोमीटरच्या वर वापरून झालेलं असावं.

पळताना

चरचर सुरू झाली की ती आपोआप थांबत नाही. आठव्या किलोमीटरला जाणवली तर आठव्यालाच थांबा. खिशात प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत बोटभर व्हॅसलीन ठेवा. ३० सेकंद जातील. पुढच्या तेरा किलोमीटरमध्ये तुम्ही हात बाजूला पसरून बदकासारखे पळाल, त्यात याहून जास्त जातील. मी 'अजून थोडंच राहिलंय' म्हणत राहिलो, आणि ओघळ आले.

मोठ्या स्पर्धांत स्वयंसेवक पुठ्ठ्यावर किंवा काडीवर व्हॅसलीन घेऊन उभे असतात. ते जेल नाही. खाऊ नका. खाणारे निघतात.

ऊन चढलं की डोक्यावर पाणी ओतायचा मोह होतो. ओतायचंच असेल तर पुढे वाकून मानेवर ओता, म्हणजे पाणी समोरून गळून जाईल. ताठ उभं राहून ओतलेलं पाणी टी-शर्ट, शॉर्ट आणि मोजे भिजवत बुटात उतरतं, मग वर मांड्या आणि खाली फोड. दुखण्यावरचा थंड स्प्रे सोललेल्या कातडीवर कुणालाही मारू देऊ नका. पोटरीवर मारताना तो उडून मांडीवर जातो, हेही बघा.

घरी आल्यावर

पाणी कोमट, कढत नको. टेप कोरडी ओढू नका. कडेला तेल लावा, पाच मिनिटं थांबा, ओली करून हळूहळू सोडवा. सोललेल्या जागी सौम्य साबण, भरपूर पाणी. मग टॉवेल, आणि इथं मी धंद्याच्या अधिकारानं सांगतो : टिपा, घासू नका. नव्या टॉवेलचे फंदे, म्हणजे धाग्याचे वेटोळे, उभे असतात, त्यांनी पुसलं तर उरलेली कातडीही येईल. दोन-चार धुण्यांचा मऊ झालेला टॉवेल या कामाला ठेवा.

त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर आणि सैल कपडा. जखम कोरडी पडू द्यावी असं आपल्याकडे सांगतात. प्रत्यक्षात अशी वरवरची जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, खपली धरून तडकत नाही. हळद, टूथपेस्ट, बाम, स्पिरिट यातलं काहीही नको. डेटॉल पाणी न घालता तर अजिबात नको. तीन-चार दिवसांत कातडी धरते. तोवर पळायचंच असेल तर त्या जागी पट्टी लावून, कमी अंतर.

डॉक्टरकडे कधी

लाली पसरत गेली, पू आला, जागा गरम लागली किंवा ताप आला तर. मधुमेह असेल तर एवढी वाट बघूच नका. एकाच बाजूच्या निप्पलवर खपली किंवा खाजरा चट्टा आहे आणि पळणं बंद करूनही दोन-तीन आठवडे बरा होत नाही, तर ते घासण्याचं दुखणं समजू नका, दाखवून घ्या. पळून आल्यावर लघवी लाल किंवा चहासारखी झाली तर तो विषयच वेगळा; त्याच दिवशी जा.

जांघेतलं एक मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ते हटकून चुकतं. घासलेली कातडी आग मारते आणि चार दिवसांत सुधारते. गजकर्ण म्हणजे बुरशी; ते खाजतं, गोल पसरतं, कडेला लालसर उंचवटा आणि मधे बरं होत आल्यासारखं. घामट कपड्यात तासन् तास बसणाऱ्या पळणाऱ्याला ते सहज होतं. मग मेडिकलमध्ये जाऊन 'जांघेत लावायची ट्यूब द्या' म्हणायचं, आणि तो जी देतो तीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरते. पुढे ती हट्टी होऊन बसते, महिनोन् महिने. माझ्या एका मित्राचं असंच आठ महिने चाललं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं, "आधी काय लावत होता?" तर त्यानं पिशवीतून चार वेगवेगळ्या ट्यूबा काढून टेबलावर मांडल्या. चारही मेडिकलवाल्याला विचारून आणलेल्या.

राहिला टी-शर्ट

रक्ताचा डाग गार पाण्यात. आधी अर्धा तास भिजवा, मग साबण लावून चोळा. गरम पाण्यात टाकलात की डाग धाग्यात शिजतो आणि कायमचा बसतो. आमच्या घरी त्या दिवशी घाबरून बादलीभर कढत पाणी वापरलं गेलं. ते दोन तपकिरी ओघळ अजून आहेत. टी-शर्ट आता गाडीच्या डिकीत असतो. पावसात भिजलेली सीट त्यानं एका हातात कोरडी होते.